फळीवरचं मीठ

आत स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण पडलं आणि जमिनीवर गोल फिरत राहिलं.

पडवीत याकूबचाचा खुर्चीत बसून माझ्या पायांकडे बघत होते आणि मी त्यांच्या. त्यांचा उजवा गुडघा सुजलेला होता, त्याला जुना मफलर गुंडाळलेला. झाकण आधी सावकाश, लांब सुरात फिरलं, मग घाईला आलं, आणि शेवटी खडखडाट करून गप्प झालं.

"ऐकलंस?" चाचा म्हणाले. "सगळ्यात जास्त आवाज कधी केला त्यानं?"

"थांबताना."

"हां. फिरायला तुला येतं, तुझा बाप म्हणाला. म्हणजे मी तुला थांबायला शिकवायचं."

आतून खैरूचाचींचा आवाज आला, "माझ्या हातनं झाकण पडलं तरी त्यातनं ह्यांना धडा सापडतो! चाळीस वरसं झाली, माणूस अजून जहाजातनं उतरला नाय."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पुण्यात सुकृत सरांच्या संस्थेत चार वर्षं कथक करत होते आणि चारही वर्षं मागच्या रांगेत डावीकडून तिसरी होते. त्या वर्षी सरांनी नवा कार्यक्रम बसवायला घेतला. त्याच्या शेवटी एकटीनं, सुफी पद्धतीनं, सात मिनिटं न थांबता गोल फिरायचं होतं. "कोण करेल?" सरांनी विचारलं. पुढच्या रांगेतल्या गार्गीचा हात वर जायच्या आत मी म्हणून बसले, "मी शिकून येते सर. आमच्या गावाकडे एक जण आहेत."

गाव म्हणजे पांगारी, खाडीच्या काठावरचं. बाबा तिथल्या शाळेत सोळा वर्षं मास्तर होते. मोहल्ल्यातल्या शेवटच्या घरात याकूब मुकादम राहायचे. जहाजावरची नोकरी संपवून ते परत आले आणि मागच्या आवारात दुपारच्या वेळी एकटेच गोल फिरू लागले. शाळेतली पोरं दगडी गडग्याआडून बघायला पळायची, बाबा त्यांना कान धरून आणायला जायचे आणि स्वतःच तिथे बघत उभे राहायचे. गावात कोणी म्हणे डोकं फिरलं, कोणी म्हणे पुण्यवान माणूस आहे. खैरूचाची म्हणायच्या, दोन्ही खरं आहे.

चाचा तरुणपणी मालवाहू जहाजावर खलाशी होते. एकदा इंजिन बिघडलं आणि तुर्कस्तानातल्या एका बंदरात जहाज सात महिने अडकून पडलं. बंदरामागे नूरी नावाचा म्हातारा सुतार होता. दुकान बंद केलं की भुसा झाडून तो आणि आणखी चार-पाच जण आतल्या आत, दार लावून, गोल फिरायचे. चाचा तिथे लाकूड उचलायला म्हणून गेले आणि राहिले.

"पहिल्यांदा फिरलात तेव्हा काय वाटलं?" मी मोठ्या अपेक्षेनं विचारलं होतं.

"पहिल्यांदा? उलटी झाली."

फळी त्यांनी स्वतः केली होती. फणसाची, दोन हात लांब, दोन हात रुंद. मधोमध होडीचा तांब्याचा खिळा, त्याचं डोकं घासून घासून गुळगुळीत केलेलं. चाचांनी वाटीतलं बारीक मीठ फळीवर पसरलं, रांगोळी घालावी तसं, चिमटीनं.

"डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, मधे खिळा धर. हां. हा पाय आता उठायचा नाय. डावा पाय खांब, उजवा पाय चाक. खांब हलला की घर गेलं."

"आणि मीठ?"

"पाय सरकायला. आणि कातडं सोललं की कळायला."

दुपारच्या नमाजानंतर ते असरची, म्हणजे उतरत्या दुपारची बांग होईपर्यंत, असं रोज. दोन्ही हात छातीवर आडवे, खांद्यांवर पंजे. डाव्या अंगाला फिरायचं, म्हणजे काळीज आतल्या बाजूला राहतं, असं चाचा म्हणायचे. मला वाटलं होतं दोन दिवसांत जमेल. कथकमध्ये मी एका दमात सत्तावीस चक्रं घ्यायची. पण कथकचं अंगवळणी पडलेलं सगळंच इथे आडवं यायला लागलं.

"मान कशाला झटकतेस? कोणाला बघतेस सारखी?"

"समोर एक जागा ठरवायची आणि दर चक्राला नजर तिथे आणायची. त्यानं घेरी येत नाही."

"येऊ दे की. पाहुणा आला म्हणून दार लावतेस?" मग थोड्या वेळानं, "आणि ओठ काय हलतायत?"

"मोजतेय."

"मोजू नको. मोजलंस की तू तिथंच राहतेस. मग फिरलं कोण?"

"मग मनात काय म्हणू?"

"आम्ही नाव घेतो. दर फेरीला एकदा. तू तुझं घे, ज्याचं घ्यायचंय त्याचं. फक्त माझं नको घेऊ."

"आणि माझं तर मुळीच नको," चाची मासे साफ करता करता म्हणाल्या. "मला कामं हायत."

दुसऱ्या दिवशी अंगठ्याशेजारी फोड आला, तिसऱ्या दिवशी फुटला. मीठ असं झोंबायचं की डोळ्यांतून पाणी यायचं. चाची रात्रीचं उरलेलं खोबरेल हळद घालून गरम करायच्या आणि माझा पाय मांडीवर घेऊन लावायच्या. मी संकोचून पाय ओढायची. "ठेव गो बाय, माझ्या पोरीचा असता तर काय केलं असतं," म्हणायच्या. त्यांना मुलगी नव्हती. एक मुलगा, सलीम, दोहाला.

चाचा सकाळी पोफळींना पाणी लावायचे. विहिरीपासून बागेपर्यंत पोफळीचं खोड चिरून केलेली पन्हळ टाकलेली होती. तिचं एक टोक दगडावर उचललेलं, दुसरं झाडाच्या बुंध्याशी टेकवलेलं. गुडघा धरत धरत ते रोज ती सरळ करायचे. गडग्यापलीकडून एक दिवस बाबूमियाँ हाक मारून गेले, "काय चाचा, नाचाची शाळा काढली म्हणे?"

"काढली की. तू आधी पोट कमी कर, मग घेतो तुला."

बाबूमियाँ हसले. पण सगळेच हसत नव्हते, हे मला चाचींच्या चेहऱ्यावरून कळायचं. कोणी आवाराशी आलं की त्या उगाचच भांडी वाजवायच्या.

पाचव्या दिवशी मी मोजायचं विसरले.

विसरले हे नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच, की पोफळी, गडगा, दोरीवरचे कपडे, चाचींची हिरवी ओढणी यांची मिळून एक ओली रेघ झाली होती आणि त्या रेघेच्या मधे कोणीतरी अगदी स्वस्थ उभं होतं. ते मी होते की खिळा, सांगता येणार नाही. चाचांनी एकदा टाळी वाजवली. मी थांबले. झाकणासारखी खडखडले नाही. नुसती थांबले.

चाचा माझ्याकडे बघत राहिले, मग खुर्चीचा हात धरून उठले आणि आत गेले. बराच वेळ आले नाहीत.

"मी काही चुकले का?" मी चाचींना विचारलं.

"रडतायत आत. रडू दे." चाचींनी कोकमाचं सरबत माझ्या हातात दिलं आणि शेजारी टेकल्या. "त्यांच्या उस्तादानं सांगितलेलं, निघताना. एकाला तरी दे, दिल्याशिवाय मरू नको. सलीमच्या मागं लागले, तो म्हणतो अब्बा, मला ऑफिस हाय. नातवंडं फोनवर बघून हसतात. मोहल्ल्यात कोणाला सांगायची सोय नाय. ह्यांची आता चौऱ्याहत्तर झाली. गुडघा गेला. मी म्हटलं, तुमच्यासंगती जाणार हे. आणि मग तुझा बाप आला विचारायला." त्या हसल्या. "म्हाताऱ्यानं त्या दिवशी दोनदा जेवण केलं."

मी सरबत प्यायले. मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर मला एवढंच वाटलं, की म्हणजे आता सोलो माझा.

सहाव्या दिवशी हात उघडले. "उजवा तळवा वर, आभाळाकडे. डावा खाली, जमिनीकडे. मान जरा उजवीकडं कलू दे, नजर डाव्या हाताच्या अंगठ्यावर."

"असं का? एक वर, एक खाली?"

"ते शेवटच्या दिवशी."

"आत्ता सांगा ना चाचा."

"आत्ता सांगितलं तर डोक्यात राहील. फिरताना सांगतो, म्हणजे हातात राहील." मग त्यांनी शेवटच्या दिवसाचं सगळं सांगितलं, लहान मुलानं सहलीचं सांगावं तसं. नववा दिवस, गुरुवार. त्या दिवशी फळी नाही, खिळा नाही, मागच्या आवारात सारवलेल्या जमिनीवर. अंगावर परकरासारखा घोळदार पांढरा घेर आणि वरून नूरीउस्तादची काळी शाल. शाल खांद्यावरून खाली पडू द्यायची, मग हात उघडायचे. चाचा मागे उभे राहून हळू आवाजात सांगत जाणार. बघायला कोणी नाही. "तुला सांगून झालं की मी मोकळा," ते म्हणाले.

घेर चाची शिवत होत्या, हातमशीनवर, पांढऱ्या चादरीचा. फिरताना फुलावा म्हणून त्याच्या कडेत जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घालायच्या होत्या. कोळीवाड्यातून मूठभर आणल्या होत्या. चाची एकेक गोळी शिवणीत सरकवून टाका घालायच्या. "अर्ध्या झाल्या. गुरुवारपर्यंत होतात."

बुधवारी दुपारी सुकृत सरांचा फोन आला.

"रुजुता, आज निघ. उद्या संध्याकाळी महोत्सवाची माणसं तालीम बघायला येतायत. तारीख अलीकडे आलीय."

"सर, उद्या एक दिवस राहिलाय. परवा सकाळी..."

"परवा येऊन काय उपयोग? गार्गी तयार आहे. मी तिला सांगू का?"

चाचा वाटीत मीठ चाळत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली.

"उद्याचाच दिवस महत्त्वाचा, रुजू." माझं नाव त्यांच्या तोंडात असंच अर्धं व्हायचं. "मागचे आठ दिवस त्याच्यासाठी होते."

"मला कळतंय चाचा. पण चार वर्षं थांबलेय मी या संधीसाठी. कार्यक्रम झाला की लगेच येते. आठच दिवस."

"बरं."

"नक्की येते."

"बरं म्हटलं ना."

चाची दारात आल्या, त्यांच्या हातात घेर होता, कडेतून दोरा लोंबत होता. "कसा देऊ हा? अर्ध्या गोळ्या घालायच्या राहिल्यात."

"राहू दे चाची, सरांनी तिथे कपडे केलेत. मी आल्यावर हाच घालीन."

चार वाजताची एस.टी. होती. मी दोघांना वाकून नमस्कार केला, चाचा म्हणाले, "खिळा सोडू नको." मी पायरी उतरता उतरता मागे वळून म्हणाले, "येते हं."

मागे चाची फळी उचलायला गेल्या होत्या. चाचांचा आवाज मला गडग्यापर्यंत ऐकू आला, "राहू दे ती तशीच. ती येतेय."

पुण्यात मोठ्या आरशासमोर मी फिरले. सर खूश झाले. मग डोकं तिरकं करून म्हणाले, "डावा हात असा खाली का लोंबतोय? अर्धवट वाटतं. दोन्ही वर घे. आभाळाकडे मागतेयस असं दिसू दे."

"सर, तो खालीच असतो."

"का?"

उत्तर तेव्हा फोनवर शोधलं असतं तर कदाचित दोन मिनिटांत सापडलं असतं. पण मला गिरकी हवी होती, त्यामागचं कारण कुठे हवं होतं?

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग घे की वर."

मी डावा हात वर घेतला.

कार्यक्रम झाला तेव्हा लोक उभे राहिले. माझं नाव पहिल्यांदा एकटं घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पांढरा घेर कमळासारखा फुललेला, डोळे मिटलेले, दोन्ही तळवे वर. बाबांनी पाच प्रती घेतल्या. मग नागपूरला प्रयोग ठरला, मग इंदूरला. बाबांचा फोन यायचा, "चाचा विचारत होते." मी मेकअप पुसता पुसता म्हणायची, "सांगा त्यांना, येते म्हणून." बाबा सांगायचे. सात आठवडे ते सांगत राहिले. शेवटच्या फोनला त्यांनी निरोप विचारला नाही. म्हणाले, "चाचा गेले काल. झोपेत."

आठवड्याभरानं मी पांगारीला पोचले तेव्हा उन्हं चढली होती. चाची इद्दतमध्ये होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घरात राहायचं, परपुरुषासमोर यायचं नाही. म्हणून बाबा पुढच्या ओटीवर बसले आणि मी एकटी आत गेले. चाची पांढऱ्या ओढणीत खाटेवर बसल्या होत्या, लहान झाल्यासारख्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "पाय बघू."

"काय?"

"पाय दाखव. फोड भरला काय?"

मी पाय दाखवला. त्यांनी अंगठ्याशेजारच्या घट्ट्यावरून बोट फिरवलं.

"तुझ्यामुळं नाय गेले ते. उमर झालेली. असलं काय मनात घेऊ नको." बोट तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, "तुझा बाप आलेला फोटो घेऊन. केवढा आनंद त्याला. ह्यांनी चष्मा लावला, मग उन्हात जाऊन बघितला. बापाला म्हणाले, पाय बरोबर हाय पोरीचा, खांब पक्का हाय. बाप खूश होऊन गेला. मग मला म्हणाले, खैरू, डावा हात वर गेला तिचा."

मी पाय आखडून घेतला.

"मी म्हटलं, मग काय झालं? ते म्हणाले, तिचा दोष नाय. मी सांगितलंच नव्हतं."

"काय सांगायचं होतं, चाची?"

त्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघितलं. "तुला ठाऊक नाय? मला तर पाठ हाय. चाळीस वरसं ऐकलंय, फिरले नाय एवढंच." त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या उजवा हात वर उचलला, डावा खाली सोडला. बांगड्या काढलेली मोकळी मनगटं होती दोन्ही. "ह्या हातात वरनं येतं. ह्या हातानं खाली देऊन टाकायचं. आपलं काय नसतं त्यात. आपण मधली पन्हळ. एक टोक वर, एक टोक खाली, तर पाणी झाडाला जातं. दोन्ही टोकं वर केलीस तर पाणी मधेच राहतं. कुजतं. पन्हळ पण कुजते."

बाहेर ओटीवर बाबा खोकले. त्यांना यातलं काही ऐकू जात नव्हतं.

"माझ्या म्हाताऱ्याच्या उजव्या हातात पडलेलं, त्या बंदरात," चाची म्हणाल्या. "चाळीस वरसं डाव्या हातानं द्यायचं राहिलेलं. त्यासाठी तो गुरुवार हवा होता. बाकी काय नाय."

मी उठून मागच्या पडवीत गेले. फळी तिथेच होती. खाडीची दमट हवा, मीठ ओलं होऊन पाझरलं होतं आणि मग वाळून त्याचे खडे धरले होते. त्यातून डोकं काढलेल्या खिळ्यावर हिरवा गंज चढला होता. मागून चाची आल्या.

"रोज सकाळी जुनं झाडायचे, नवं टाकायचे. मी म्हटलं, कशाला नासता मीठ? म्हणाले, ती येते म्हणाली ना. मी म्हटलं, अहो, निघताना सगळेच येते म्हणतात. जाते कोण म्हणतं?" चाची जराशा हसल्या. "त्यांना काय हे ठाऊक नव्हतं? पण रोज टाकायचे."

फळी मागायची माझी हिंमत झाली नाही. चाचींनी ट्रंकेतून घेर काढून माझ्या हातात ठेवला. कड पूर्ण झाली होती, सगळ्या गोळ्या घातलेल्या. "ने. तुझ्या मापाचा हाय. मी काय करू?"

निघताना मी दाराशी उभी राहिले. जिभेवर शब्द आला आणि मी तो धरून ठेवला. आपल्याकडे निघायला दुसरा शब्दच नाही. मी तशीच, काही न बोलता पायऱ्या उतरले. चाचींना ते कसं वाटलं असेल कोण जाणे.

पुढच्या प्रयोगाला मी डावा हात खाली ठेवला. सर विंगेतून हातवारे करत राहिले. प्रेक्षकांत कोणाला काही फरक कळला नाही, टाळ्या तेवढ्याच पडल्या. इंदूरचा प्रयोग गार्गीनं केला, तिनं दोन्ही हात छान वर घेतले. मग मी नाच सोडला असं काही नाही, तो हळूहळू सुटत गेला. लग्न झालं, जुई झाली. चाचींना सलीम दोहाला घेऊन गेला असं बाबांकडून कळलं. घर बंद आहे. मागच्या पडवीत अजून काय असेल, ते मी विचारलेलं नाही.

घेर मात्र सगळ्या घरांतून माझ्याबरोबर आला, कपाटाच्या तळाशी, पिशवीत. मी तो एकदाही घातला नाही.

परवा दुपारी जुईला झोपवून मी गवार निवडत बसले होते. तर आतून फरशीवर खडखड असा बारीक आवाज. ती झोपली नव्हतीच. पिशवी उपसून, घेर काखेपर्यंत ओढून, दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. पाच वर्षांची आहे, घेर मागे वीतभर लोळत होता.

"आई, हा कोणाचा फ्रॉक? हा वाजतोय बघ!"

"माझा आहे."

"तू घालत का नाहीस?"

मी गवार बाजूला ठेवली. घेर वर घेऊन तिच्या छातीवर दुमडला, नाडी दोनदा गुंडाळून गाठ मारली. टीपॉय भिंतीला सरकवला. ती लगेच भिरभिरली, तीन फेऱ्यांत सोफ्यावर आपटली आणि खदखदा हसली. "घर फिरतंय!"

"फिरू दे," मी म्हणाले. "ये इकडे."

मी फरशीवर बसले. तिचा डावा पाय धरला आणि अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे माझं बोट उभं केलं. "हा खिळा. हा सोडायचा नाही. हा पाय खांब, तो पाय चाक." ती माझ्या बोटाभोवती फिरायला लागली, अडखळत, मग जरा सरळ. तिच्या पावलाची मऊ कातडी माझ्या बोटाला घासत होती. कडेच्या गोळ्या एकमेकींवर वाजत होत्या. मी मोजत नव्हते.

"आता हात उघड. हा वर, आभाळाकडे. हा खाली."

"दोन्ही वर करू? छान दिसेल."

"नको. हा खालीच ठेव."

"का?"

थांबून सांगायचं नाही, फिरताना सांगायचं, हे मला आठवलं. "फिरत राहा, सांगते. वरून येतं ते या हातानं घ्यायचं. आणि त्या हातानं देऊन टाकायचं."

"काय येतं?"

"जे येईल ते."

तिनं एक फेरी घेतली. वरच्या हाताकडे बघितलं, खालच्या हाताकडे बघितलं. आणखी एक फेरी.

"तुला हे कोणी दिलं?"

"एका आजोबांनी."

"आणि तू मला दिलंस."

"हो."

ती थांबली. घेर तिच्याभोवती अर्धा वळसा अजून फिरून आला, गोळ्या फरशीवर टेकल्या आणि गप्प झाल्या. माझं बोट अजून तिच्या अंगठ्याशी होतं.

"मग त्या आजोबांना सांगितलंस का, मला दिलंस म्हणून?"